पाहणाऱ्याचं म्हणणं

या पुस्तकात मतं आहेत आणि ती ठाम आहेत. चित्रपट आणि मालिका पाहताना, पाहून झाल्यावर, आणि बऱ्याचदा वर्षांनी पुन्हा पाहिल्यावर मला जे वाटलं ते मी यात लिहिलं आहे. मी या व्यवसायातली नाही. कधी सेटवर काम केलं नाही, संकलनाच्या टेबलाशी बसले नाही, चित्रपटाचं रीतसर शिक्षणही घेतलेलं नाही. माझी जागा प्रेक्षकाची. थिएटरात तिकीट काढून मिळालेली आणि घरी दर महिन्याच्या रिचार्जवर राखलेली. या जागेवरून जे दिसतं ते नीट सांगायचं, एवढं काम मी अंगावर घेतलं आहे. ते मला महत्त्वाचं का वाटतं, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

गेली कित्येक वर्षं एक वाक्य कानावर पडत आलं आहे : ‘प्रेक्षकांना हेच हवं असतं.’ मालिका विनाकारण लांबली की हे उत्तर. पार्श्वसंगीताने संवाद गिळून टाकले की हे उत्तर. नायिकेच्या दुधात विष कालवणारी जाऊ चौथ्यांदा परतली तरी हेच उत्तर. हा प्रेक्षक म्हणजे मी, माझी आई, आमच्या शेजारच्या काकू. आमच्या नावाने हे बोललं जातं, पण आम्हाला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं जातं ते मीटरला. निवडक घरांत मीटर बसवलेली असतात, त्यावरून ‘बार्क’ या मोजणी करणाऱ्या संस्थेचे आकडे निघतात आणि गुरुवारी ते हाती आले की वाहिन्यांच्या कचेऱ्यांत कुणाचा ट्रॅक वाढवायचा आणि कुणाचा गुंडाळायचा हे ठरू लागतं. मीटरला कोणती वाहिनी चालू होती ते कळतं. आजीला डुलकी लागली होती, आई मेथी निवडत होती आणि मुलगी पडद्याकडे बघून तावातावाने भांडत होती, यातलं काही मीटरला कळत नाही. जाहिरातीचा दर ठरवायला तो आकडा उपयोगी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच आकड्यावर कथा ठरू लागली आणि तोच आकडा आमचं मत म्हणून मिरवू लागला, हे मला मान्य नाही.

चित्रपटाचंही तेच. २०१६ साली ‘सैराट’ने शंभर कोटींच्या घरात कमाई केल्याची बातमी झाली आणि महिनाभर जिकडेतिकडे त्या कोटींचीच चर्चा. त्यातलं काय पाहून माणसं पुन्हा पुन्हा गेली आणि शेवट पाहून गप्प होऊन का बाहेर पडली, हे आकड्याने सांगितलं नाही. ते पाहणाऱ्यानेच सांगायचं असतं. आपण ते सांगितलं नाही तर आपल्या वतीने आकडा बोलणार, हे ठरलेलं. म्हणून प्रेक्षकाने मत बाळगावं, ते ठामपणे मांडावं आणि कारणासकट मांडावं असं मी म्हणते.

कारणासकट, यावर माझा फार भर आहे. ‘मस्त होता’, ‘बोअर झालं’, ‘एकदा बघायला हरकत नाही’ ही मतं नव्हेत. मताला पडद्यावरच्या एखाद्या जागेवर बोट ठेवता आलं पाहिजे : हा प्रसंग, हा संवाद, ही शांतता, इथे कॅमेरा थांबला, इथे थांबायला हवा होता आणि थांबला नाही. बोट ठेवता आलं की समोरच्यालाही त्याच जागेकडे बघून ‘मला तसं दिसत नाही’ म्हणता येतं, आणि खरी चर्चा तिथे सुरू होते. या पुस्तकातल्या प्रत्येक लेखात अशी एक तरी जागा दाखवायचा माझा प्रयत्न आहे.

‘डोकं बाजूला ठेवून बघा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. विनोदी चित्रपटांच्या बाबतीत तो हमखास दिला जातो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. तीन पिढ्यांना पाठ असलेला चित्रपट. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, पण वसंत सबनीसांनी ती अशी मराठी करून घेतली की मूळ चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. त्यातला सत्तर रुपयांचा प्रसंग पुन्हा पाहा. घरमालकाने औषधासाठी दिलेले पैसे बुडाले आहेत आणि अशोक सराफ ते ‘वारले’ असं सांगताहेत. चेहरा दुखवट्याला आलेल्या माणसाचा, आवाज हळू, नजर खाली. हसू मागण्याची एकही खूण नाही. समोर सुधीर जोशी तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतात, आणि त्या दोन गंभीर माणसांमुळे आपण हसतो. पैसे वारले असं म्हणता येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्या माणसाच्या स्वरात मात्र ते अगदी रास्त आहे. हे कळायला डोकं लागतं. प्रेक्षकाला विनोद कळेल याची ज्याला खात्री आहे तोच नट इतका शांत राहू शकतो. ज्याला ती खात्री नाही तो डोळे फिरवतो, ओरडतो, आणि मागून ‘टॉइंग’ असा आवाज टाकून घेतो.

या पुस्तकातली माझी जवळजवळ सगळी मतं इथून निघाली आहेत. एखादी कलाकृती प्रेक्षकावर विश्वास टाकते की नाही, हे मी पाहते. भव्यता, वेग, बक्षिसं, नट किती मोठा, हे सगळं त्यानंतर.

हा विश्वास नवा नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दामले आणि फत्तेलाल यांनी ज्या प्रेक्षकासाठी काढला, त्यातल्या कितीतरी जणांना अक्षरओळखही नव्हती. तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला हे आपण अभिमानाने सांगतो. मला अभिमान वाटतो तो त्यातल्या जिजाईचा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा भजनात रंगलेले आहेत आणि गौरीबाईंची जिजाई म्हैस, चूल आणि उपाशी पोरं सांभाळते आहे. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला घेऊन देवळात शिरते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. संतपटात, देवाच्या समोर, वहाण. दिग्दर्शकांनी हे पाप ठरवलेलं नाही. तिला लगेच पश्चात्ताप करायला लावलेला नाही, की कुणाच्या तोंडून तिला उपदेशही केलेला नाही. तुकोबांची भक्ती खरी आणि जिजाईचा संतापही खरा, हे दोन्ही एका पडद्यावर ठेवून ते बाजूला झाले. भाविक प्रेक्षकाला हे पेलेल, असा भरवसा त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी ठेवला. तो चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला. प्रेक्षकाला काय हवं असतं, याचं हेही एक उत्तर आहे आणि ते विसरून चालणार नाही.

१९३७ च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांतारामांनी आणखी एक पाऊल टाकलं. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्याला नवरा मानायला सरळ नकार देते. शांता आपटे ही भूमिका पाणावल्या डोळ्यांनी करत नाहीत, ताठ मानेने करतात. आणि शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत टाळून घरातल्या खऱ्याखुऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि त्या वाड्यातला काळ किती जड आहे ते कळतं. आता इथे वाईट वाटून घ्या, असं सांगायला व्हायोलिन येत नाही. तो म्हातारा नवरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब, हेही नुसते खलनायक नाहीत. आपण एका मुलीवर काय अन्याय केला, हे त्यांना हळूहळू उमगतं आणि आपल्याला ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं.

जब्बार पटेलांच्या दोन राजकीय चित्रपटांबद्दलचं माझं मत अनेकांना रुचत नाही. ‘सिंहासन’ (१९७९) मोठा आहे हे मी मान्य करते. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतली मुंबई, मंत्रालय, संप आणि सत्तेची उलाढाल एका चित्रपटात बसवणं सोपं नव्हतं. तरी माझ्या लेखी ‘सामना’ त्याहून मोठा. ‘सिंहासन’मध्ये आपण सत्ता बाहेरून पाहतो; दिगू टिपणीस या पत्रकाराबरोबर दारं किलकिली करून. ‘सामना’मध्ये आपण हिंदुराव धोंडे पाटलाच्या बंगल्यात त्याचे पाहुणे म्हणून बसतो. विजय तेंडुलकरांनी एक दारुड्या मास्तर त्या साखरेच्या साम्राज्यात आणून सोडला आणि त्याच्या तोंडी एकच प्रश्न दिला, मारुती कांबळेचं काय झालं हा. डॉ. श्रीराम लागू तो प्रश्न दर वेळी वेगळ्या आवाजात विचारतात : कधी बरळल्यासारखा, कधी पोरसवदा कुतूहलाने, कधी न्यायाधीशासारखा. आणि हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर दर वेळी पहिल्यापेक्षा थोडं जास्त काहीतरी हलतं. हिंदुराव गोड आहे, दिलदार आहे, आपल्याला तो आवडू लागतो. नेमकं हेच त्या चित्रपटाला साधायचं आहे. ज्याच्या ताटात आपण जेवलो त्याच्याबद्दल खरं बोलायची वेळ आली की जीभ कशी जड होते, ते ‘सामना’ सांगत बसत नाही, अनुभवायला लावतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण सत्तेबद्दल इतकं नेमकं विधान मराठी पडद्यावर पुन्हा झालेलं नाही, असं माझं मत आहे आणि त्यासाठी मी एक अख्खा लेख खर्च केला आहे.

अलीकडच्या काळात हा विश्वास सर्वांत धीटपणे टाकला तो नागराज मंजुळे आणि चैतन्य ताम्हाणे यांनी. मंजुळेंच्या ‘फँड्री’तला तो प्रसंग आठवा. जब्या या मुलाचं कुटुंब गावासमोर डुकराच्या मागे धावतं आहे, पोरं टिंगल करताहेत आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग बाकीचेही थांबतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून नेलं जातं तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. कॅमेरा त्या चित्रांवर झडप घालत नाही. माणसं चालतात, भिंत मागे सरकते, ज्याला दिसलं त्याला दिसलं. कुणी भाषण केलं असतं तर आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. इथे मोकळं होता येत नाही, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो.

‘सैराट’च्या शेवटी आवाजच बंद होतो. ज्या चित्रपटाच्या गाण्यांवर माणसं थिएटरात नाचली, त्याची शेवटची मिनिटं संपूर्ण शांत आहेत. पोर रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. गाण्यांनी इतकं भरलेला चित्रपट इतका रिकामा करण्यासाठी लागणारं धैर्य मी फार थोड्या दिग्दर्शकांत पाहिलं आहे. आणि ‘सैराट’मधली करमाळ्याकडची बोली! नायिकेच्या, आर्चीच्या, तोंडची ती भाषा कुणी ‘गावरान’ म्हणून बनवलेली नाही. ती बोलणारीला ती येते. मालिकांमधून जी एकच एक ग्रामीण भाषा कोल्हापूरपासून खानदेशापर्यंत सगळ्यांच्या तोंडी घातली जाते, ती ऐकताना मला त्रास होतो तो यामुळेच. प्रत्येक तालुक्याचा हेल वेगळा असलेल्या महाराष्ट्रात एवढी बेफिकिरी चालू नये.

ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ (२०१४) बद्दल ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकली. ती करणाऱ्यांना माझी विनंती आहे की शेवट पुन्हा पाहा. न्यायालयाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा अंधारतो. चित्रपट संपला असं वाटतं. मग इतका वेळ शाहिराचा खटला चालवणारे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बोलायला उशीर झालेल्या एका मुलाच्या बापाला ते नाव बदलण्याचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, पोरं येऊन एकदम ओरडतात, ते दचकतात, हाती लागलेल्या पोराला चापट मारतात आणि पुन्हा डुलकी घेतात. इतकंच. पण दोन तास आपण एका शाहिराचं आयुष्य ज्याच्या हाती पाहिलं, तो माणूस कोण आहे हे तिथे कळतं. तो क्रूर नाही. पापभीरू, घरंदाज, आपल्या ओळखीतला गृहस्थ आहे. म्हणूनच त्या चापटीचा अर्थ मोठा होतो. ताम्हाणे कॅमेरा हलवत नाहीत, जवळ नेत नाहीत, काय बघायचं ते सांगत नाहीत. आपल्याला बघता येतं, असं ते गृहीत धरतात. या चित्रपटाला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते हे गृहीत धरणं.

याच कसोटीवर गेल्या काही वर्षांतले बरेच ऐतिहासिक मराठी चित्रपट मला अपुरे वाटतात. हे मी जाणूनबुजून लिहिते आहे, कारण या विषयावर स्पष्ट बोलायला माणसं कचरतात. शिवाजी महाराजांबद्दलचा आदर आणि त्यांच्यावरच्या चित्रपटाबद्दलचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंद गतीतली तलवार, ढोलांचा कल्लोळ, दर दहा मिनिटांनी जयघोष, शत्रूच्या गोटात फक्त दात काढणारी माणसं. ज्या राजाने मुलुख समजून घेतला, किल्ल्यांची साखळी बांधली, आरमार उभारलं, पत्रांतून आणि तहांतून डाव टाकले, त्याची बुद्धी पडद्यावर फार थोडी दिसते आणि पराक्रम पुन्हा पुन्हा दिसतो. प्रेक्षकाला महाराजांचा विचार समजणार नाही, त्याला फक्त अंगावर काटा हवा आहे, असं यात धरलेलं असतं. थिएटरात घोषणा देणाऱ्या मुलांना विचार कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना तो कुणी दाखवलेला नाही.

आता मालिकांकडे वळते. पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग मालिकांवर आहे, कारण चित्रपटावर लिहिणारे मराठीत चांगले झाले, मालिकांवर गंभीरपणे लिहिणं मात्र कमीपणाचं मानलं गेलं. घराघरात रोज संध्याकाळी जे पाहिलं जातं, ज्यावर लग्नकार्यात, लोकलमध्ये आणि भाजीच्या गाडीवर बोललं जातं, ते लिहिण्याच्या योग्यतेचं नाही असं कसं म्हणायचं?

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. सत्तरच्या दशकात चि. वि. जोश्यांचे चिमणराव त्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मोजके सेट, कृष्णधवल चित्र, पण माणसं पक्की. पुढे १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी आली आणि ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’ अशा मालिकांनी मराठी मध्यमवर्गाचं घर आतून दाखवलं. माझ्या मते मराठी मालिकांमधलं सर्वांत निर्मळ काम ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ ते २००५) हे आहे. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून ती बेतलेली होती. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, दोन नातवंडं, आणि आबांची डायरी. भांडण होतं ते टेलिफोनच्या बिलावरून किंवा पाहुण्यावरून. कुणी कुणाला जिन्यावरून ढकलत नाही. तरी आपण पुढच्या आठवड्याची वाट पाहत असू, कारण शुभांगी गोखल्यांची श्यामला ‘बरं’ म्हणताना त्या ‘बरं’मध्ये नेमकी किती नाराजी आहे, ते आपल्याला मोजता यायचं. सासरा आणि सून यांच्यातलं इतकं साधं, मैत्रीचं नातं त्यानंतर फारसं दिसलं नाही.

मग दैनंदिन मालिकांनी सगळं व्यापलं. ‘चार दिवस सासूचे’ तर तीन हजार भागांच्या पुढे गेली. रोजच्या मालिकेचं गणित मी समजून घेतलं आहे, म्हणून काम करणाऱ्यांना दोष देताना हात आखडतो. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात. ती रोज भरायची. पुढच्या भागांची बँक कमी पडली की सेटवर रात्रीचा दिवस होतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि गुरुवारच्या आकड्यानंतर तिघांनाही नव्याने सुरुवात. अशा वेळी एक वाक्य सात चेहऱ्यांवर फिरवलं की मिनिट भरतं. कुणी म्हणतं, ‘मला सगळं कळलंय’. कॅमेरा सासूवर जातो, धाडकन आवाज; जावेवर, पुन्हा धाडकन; दारात उभ्या नणंदेवर, तिसऱ्यांदा. मग ब्रेक. ब्रेकनंतर तेच वाक्य पुन्हा. या पद्धतीचं मूळ घाईत आहे. पण घाईतून सवय झाली आणि सवयीचं समर्थन आमच्या नावाने होऊ लागलं.

याला तोड होती आणि ती मराठीतच होती. २०१२ मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षभराच्या आत संपली, गोष्ट संपली म्हणून. सतीश राजवाड्यांनी मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांना एकमेकांचं ऐकायला लावलं. एकजण बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा पाहावासा वाटायचा. ती मालिका लोकांनी मनापासून पाहिली. तेव्हा ‘आटोपशीर चालत नाही’ हे म्हणणंही खरं नाही.

मालिका पाहणाऱ्या बायकांची टिंगल करणाऱ्यांबद्दल मला इथे स्वच्छ लिहायचं आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळेवर चालणाऱ्या बाईला संध्याकाळचा अर्धा तास स्वतःचा मिळतो. त्या अर्ध्या तासात समोर बरं काही नसेल तर हसायचं तिला नाही, जाब विचारायचा तो ते दाखवणाऱ्याला. आणि या बायका मुकाट्याने पाहतात, हा समजही चुकीचा. ‘अगं, बोल ना आता!’, ‘हिने पोलिसात जायला हवं होतं’, ‘कुणी घरात एवढे दागिने घालून भाकऱ्या करतं का?’ ही परखड समीक्षा मी माजघरांतून आयुष्यभर ऐकत आले आहे. तिची नोंद कुठेच होत नाही, याची मला खंत आहे.

हीच खंत मला बाईच्या नकाराच्या गोष्टीकडे घेऊन गेली. ‘कुंकू’ची नीरा १९३७ साली ‘नाही’ म्हणाली. १९८२ मध्ये ‘उंबरठा’तली सुलभा, स्मिता पाटील, महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून गेली, परतल्यावर त्या घरात आपली जागा उरली नाही हे कळल्यावर पुन्हा बाहेर पडली. चित्रपट तिला शिक्षा देत नाही आणि तिचा सत्कारही करत नाही. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आली आणि गावोगावच्या बायका रडल्या. त्या रडण्याला मी नावं ठेवणार नाही. अलका कुबलांच्या त्या सोसणाऱ्या सुनेत त्यांना स्वतःचं काहीतरी दिसलं आणि ते दुःख खोटं नव्हतं. माझा आक्षेप चित्रपटाला आहे : त्याने दुःख ओळखलं आणि सोसण्यालाच मोठेपण देऊन टाकलं. दैनंदिन मालिकांनी उचलला तो हा धडा. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने नीरा आणि सुलभा यांनी जे दार उघडलं, ते संध्याकाळी साडेसातला रोज पुन्हा लावलं जातं. त्या दारावर थाप मारली ती आर्चीने, बुलेटवर बसून, ट्रॅक्टर चालवत. तिला मिळालेलं प्रेम पाहून तरी प्रेक्षकाला सोशिक नायिकाच हवी असते, हे म्हणणं थांबायला हवं होतं.

पुस्तकाबद्दल थोडं. यातल्या कोणत्याही कलाकृतीबद्दल मी ती अर्धवट पाहून लिहिलेलं नाही. लांबलेल्या मालिकांच्या बाबतीत कोणत्या टप्प्याबद्दल बोलते आहे ते सांगितलं आहे. नटनट्यांचं खाजगी आयुष्य, त्यांचं रूप, वजन, वय यावर एक ओळही नाही. शेवट सांगितल्याशिवाय मत मांडता येत नसेल तिथे शेवट सांगितला आहे. कारण ‘कोर्ट’ किंवा ‘उंबरठा’ पाहण्यातली गंमत काय होतं यात नसून कसं होतं यात आहे. तांत्रिक शब्द शक्यतो टाळले आहेत. जे डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं, तेवढ्यावर भागवलं आहे.

मराठीत चित्रपट पाहायला शिकवणारी परंपरा आहे आणि माझ्यावर तिचं ऋण आहे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि ठिकठिकाणच्या छोट्या मंडळांनी जगभरचे चित्रपट दाखवले, त्यावर बोलायला लावलं. अरुण खोपकरांचं गुरुदत्तांवरचं पुस्तक वाचल्यावर एका चित्रचौकटीकडे किती वेळ पाहता येतं ते मला समजलं. त्या मंडळींच्या अभ्यासाची बरोबरी करायचा माझा दावा नाही. अभ्यासकाने लिहावं, आणि प्रेक्षकानेही लिहावं. दोघांची कामं वेगळी आहेत.

प्रेक्षकाने का लिहावं, याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘संत तुकाराम’ची प्रत आज आपल्याकडे आहे. तो व्हेनिसला गेला याची नोंद आहे. पण १९३६ साली ज्या बायकांनी जिजाईला देवळात वहाण उगारताना पाहिलं, त्या घरी येऊन काय बोलल्या? त्यांना बरं वाटलं की धक्का बसला? त्यांच्यातली कुणी त्या रात्री नवऱ्याशी भांडली का? हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ते कुणी टिपून ठेवलं नाही. चित्रपटाच्या इतिहासातला अर्धा भाग असा हरवला आहे. आज आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत तो तसाच हरवतो आहे.

तेव्हा या पुस्तकाच्या वाचकाकडून मला मान डोलावणं नको आहे. ‘सिंहासन’ मोठा वाटत असेल तर ‘सामना’पेक्षा तो कुठे मोठा आहे, ती जागा दाखवा. मी नावाजलेली एखादी मालिका तुम्हाला खोटी वाटली असेल तर तिच्या कोणत्या भागात खोट दिसली ते सांगा. घरात ज्यांचं मत आजवर कुणी विचारलं नाही, त्या आजीला, आत्याला, दहावीतल्या मुलाला विचारा, आणि कारण सांगितल्याशिवाय सोडू नका. जमलं तर लिहून ठेवा, तारीख घालून. आपण काय पाहिलं आणि त्याबद्दल काय वाटलं हे आपल्या शब्दांत सांगणारी माणसं वाढली, की ‘प्रेक्षकांना हेच हवं असतं’ असं परस्पर सांगून टाकणं कुणालाही जड जाईल.